25 पैकी 23 आणि एक बोथट रंधा

एफ.ई.ला कार्पेंट्रीच्या जॉबला मला 25 पैकी 23 मार्क मिळाले होते. हाफ लॅप जॉइंट. चारही बाजू गुळगुळीत, कोपरे काटकोनात, सांधा असा बसलेला की मध्ये कागद जाणार नाही. सरांनी जॉब उलटसुलट करून पाहिला, 'गुड' म्हणाले. मी मान खाली घालून 'थँक यू सर' म्हटलं. मान खाली घालण्याचं कारण विनय वगैरे काही नव्हतं. त्या जॉबला रंधा मारला होता आपल्या वर्कशॉपच्या मामांनी!

आता हसू नका. हा लेख वाचणाऱ्यांपैकी किती जणांनी आपला जॉब शेवटपर्यंत स्वतः केला होता, हे ज्याने त्याने मनातल्या मनात सांगावं. कोणी मामांकडून करून घेतला, कोणी सीनियरचा जुना जॉब घासून नवा केला, कोणी चक्क बाहेरून बनवून आणला. जर्नल मात्र सगळ्यांचं एकदम कंप्लीट. जॅक प्लेनची आकृती, भागांची इंग्रजी नावं, खाली सही. व्हायव्हामध्ये 'प्लेनचा उपयोग काय?' असं विचारलं की सगळे एका सुरात 'टू गेट स्मूथ सरफेस, सर'. मी तर कॉन्व्हेंटमधली. मामा 'गुण्या द्या, पटाशी द्या' म्हणायचे तेव्हा मला ट्राय स्क्वेअर कुठला आणि चिझल कुठली हे कळायचं नाही. पण सगळ्या हत्यारांची स्पेलिंगं मात्र पाठ होती.

मी अगदीच कामचुकार होते असंही नाही. दोन तास झटले होते. रंधा लाकडावर ठेवून ढकलला की तो दोन इंच जायचा, अडकायचा आणि लाकडाचा एक टवका उडायचा. तळहाताला फोड आले. मग मी ठरवून टाकलं, हे ताकदीचं काम आहे, आपल्याला जमणारं नाही. मामांनी तोच जॉब घेतला आणि दहा मिनिटांत चकचकीत करून दिला. त्यांनी माझ्या हातातला रंधा बाजूला ठेवून स्वतःच्या कपाटातला काढला होता, ही गोष्ट मात्र तेव्हा माझ्या लक्षात आली नाही. ती लक्षात यायला दोन वर्षं लागली.

यंदा टी.ई.ला आमच्या ग्रुपने मिनी प्रोजेक्टसाठी अॅल्युमिनियमचा एक छोटा ब्रॅकेट ओतायचा ठरवला. सँड कास्टिंग. त्यासाठी लाकडाचा पॅटर्न हवा. सागवानाचा साधा ठोकळा, 120 बाय 60, उंची 40 मिलिमीटर. कॅडवर ड्रॉइंग झकास झालं. अॅल्युमिनियम थंड होताना आकसतं म्हणून मीटरला 13 मिलिमीटर जादा धरले, पॅटर्न वाळूतून सहज निघावा म्हणून सगळ्या उभ्या बाजूंना 2 अंशांचा उतार दिला. सगळं पुस्तकात असतं तसं. मग करवतीने ठोकळा कापला, पॉलिश पेपरने घासला आणि भोसरीतल्या एका छोट्या फाउंड्रीत घेऊन गेलो.

पॅटर्न वाळूतून वर उचलला, तर त्याच्याबरोबर वाळूची भिंतच वर आली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा साचा भरणारे काका वैतागले. म्हणाले, "मॅडम, कास्टिंगचं नंतर बघू. आधी लाकडाला रंधा मारून आणा."

त्यांचं बरोबर होतं. 40 मिलिमीटर उंचीला 2 अंश उतार म्हणजे वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत जेमतेम 1.4 मिलिमीटर. पॉलिश पेपरने तो कधीच सरळ येत नाही, कारण पेपर कडा आधी खातो आणि मधला भाग फुगीर राहतो. त्यात ठोकळ्याच्या दोन बाजू अशा असतात की तिथे लाकडाचे तंतू आडवे कापले गेलेले असतात. त्या टोकांचा पृष्ठभाग बारीक ब्रशसारखा खरखरीत राहतो आणि वाळू धरून ठेवतो. तिथे रंधाच हवा. पण वर्कशॉपमधला जॅक प्लेन साधारण 14 इंच लांब, म्हणजे आमच्या ठोकळ्याच्या जवळजवळ तिप्पट. तो त्या टोकावर ठेवणार कसा?

यासाठी जो रंधा असतो त्याला ब्लॉक प्लेन म्हणतात. साधारण सहा इंच लांबीचा, एका हाताच्या तळव्यात बसणारा. दुसऱ्या हाताने जॉब धरता येतो. लाकडाची टोकं सारखी करणं, धारदार कोपरे मारणं, दार घासत असेल तर कड जराशी उतरवणं, पॅटर्नला उतार देणं, अशी सगळी बारीक कामं त्याची.

रंधा हे हत्यार काही नवं नाही. इ. स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेईतसुद्धा रंधे सापडले आहेत. पण आज आपण पाहतो ते लोखंडी, स्क्रूने पातं वरखाली होणारे रंधे मुख्यतः लिओनार्ड बेली या अमेरिकन माणसाच्या डोक्यातून आले. 1869 मध्ये स्टॅनली कंपनीने त्याचे हक्क विकत घेतले आणि पुढे जगभर त्याच धाटणीचे रंधे बनू लागले. ब्लॉक प्लेनमध्ये त्यांचे दोन नंबर फार गाजले, साडेनऊ आणि साडेसाठ. (नंबर असे अर्धे का, ते मला विचारू नका.)

या दोघांतला फरक मेकॅनिकलवाल्यांना आवडेल असा आहे. मोठ्या रंध्यात पात्याची उतरती बाजू खाली असते आणि पातं 45 अंशांवर बसलेलं असतं. धार 25 ला लावा नाहीतर 30 ला, लाकडाला पातं भिडणार 45 नेच. ब्लॉक प्लेनमध्ये पातं उलटं, उतरती बाजू वर. म्हणजे बैठकीचा कोन अधिक धारेचा कोन मिळून कापण्याचा कोन होतो. साडेनऊची बैठक 20 अंशांची, त्यात धारेचे 25, एकूण 45. साडेसाठची बैठक 12 ची, म्हणून एकूण 37. कोन जितका कमी तितके टोकाकडचे तंतू स्वच्छ कापले जातात. कटिंग टूलच्या चॅप्टरमध्ये आपण रेक अँगल आणि क्लिअरन्स अँगल घोकतो ना, तेच हे. सुताराच्या हातात ते आधीपासून आहे, इतकंच!

सुदैवाने मला तीन ब्लॉक प्लेन एकत्र मिळाले. पहिला आपल्याच टूलरूममधला, साडेनऊच्या धाटणीचा. किती वर्षं खोक्यात पडून होता देव जाणे, गंजलेला. दुसरा मी बोहरी आळीतून घेतला, सगळ्यात स्वस्त. त्याला ना पातं वरखाली करायचा स्क्रू, ना तोंड लहानमोठं करायची सोय. पातं हातोडीने हळूच ठोकून पुढेमागे करायचं. तिसरा माझ्या आतेभावाचा. दादा इंग्लंडला असतो, हौस म्हणून लाकूडकाम करतो, तिथून त्याने जुना साडेसाठच्या जातीचा आणला होता.

मग काय, इंजिनिअरिंगची मुलगी! मी तिघांची टेस्ट घ्यायची ठरवली. सागवानाचं टोक, सागवानाची लांब कड आणि शिसवाचा एक तुकडा, ज्याच्या रेषा वेड्यावाकड्या होत्या. व्हर्निअर घेतला, टेबल आखलं. पहिल्या फेरीत टूलरूमचा रंधा टोकावरून नुसता घसरला. बोहरी आळीच्या रंध्याने पीठ पाडलं. दादाच्या रंध्याने थोडं थोडं कापलं. मी लगेच निष्कर्ष काढला: लो अँगल बेस्ट, परदेशी माल तो परदेशी माल, स्वस्त ते फालतू. टेबल भरलं, खाली 'कन्क्लूजन' लिहिलं.

मामा बाजूला उभे राहून हे सगळं बघत होते. त्यांनी तिन्ही पाती काढली, एकेकावरून अंगठा आडवा फिरवला आणि म्हणाले, "ताई, तीन बोथट पात्यांची शर्यत लावलीत तुम्ही. यातून काय कळणार?"

मी म्हटलं, "मामा, स्वस्तातला तर नवाकोरा आहे."

"नवा असला म्हणून काय झालं? दुकानातून आलेल्या पात्याला नुसता कोन असतो. धार आपण लावायची असते."

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मिळून मामांनी मला धार लावायला शिकवलं. खर्च सांगते म्हणजे कोणाला बहाणा राहणार नाही. जाड काचेचा एक तुकडा आणि वॉटरपेपरचे चार तुकडे, 220, 400, 1000 आणि 2000 नंबरचे. काचेवर पेपर पाण्याने चिकटवायचा. आधी पात्याची पाठ सपाट करायची, सगळी नाही, धारेजवळची अर्धा इंच पुरे. हे पहिल्यांदा करताना जीव जातो, पण एका पात्याला एकदाच. मग उतरती बाजू 25 अंशांत धरून घासायची, पाठीमागे बोटाला बारीक बर लागेपर्यंत. ती लागली की पुढच्या नंबरचा पेपर. शेवटी पाठीवरून हलका हात मारून बर काढून टाकायची. धार लागली की नाही ते बघायला उजेडात पातं धरायचं. धारेवर पांढरी रेघ चमकली तर ती अजून बोथट आहे. खऱ्या धारेवर उजेड थांबत नाही.

माझी पहिली दोन पाती तिरकी झाली. तिसरं बरं झालं. मग पहिली दोन पुन्हा केली.

दुसरी फेरी घेतली आणि माझं टेबल कोलमडलं. लांब कडेवर तिघांत फरकच राहिला नाही. तिन्ही रंध्यांतून कागदासारखी साल निघत होती. व्हर्निअरवर 0.05 मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे जर्नलच्या पानाच्या निम्मी. टोकावर दादाचा 37 अंशांचा रंधा खरोखरच सरस ठरला, पृष्ठभाग मेणासारखा. पण टूलरूमचा गंजका रंधा त्याच्या फार मागे नव्हता, फक्त ढकलायला थोडा जोर जास्त. बोहरी आळीचासुद्धा कापत होता, पण हवी तेवढी साल यायला पातं तीन-चारदा ठोकावं लागायचं आणि रंधा हलका असल्याने मध्येच थरथरायचा. शिसवावर तर उलटंच झालं. दादाच्या रंध्याने वेड्या रेषा उपटून टवके काढले आणि टूलरूमच्या साडेनऊने, तोंड अगदी बारीक केल्यावर, सगळ्यात स्वच्छ काम दिलं. तोंड बारीक असलं की तंतू उपटून वर यायच्या आधी रंध्याचा तळ त्यांना दाबून धरतो. पहिल्या फेरीत जो शेवटी आला होता तो इथे पहिला!

म्हणजे रंध्यारंध्यांत फरक नसतो असं म्हणायचं आहे का? मुळीच नाही. फरक असतो आणि तो कामाचा असतो. तोंड लहानमोठं होण्याची सोय, पातं न ठोकता वरखाली होणं, तळ सपाट असणं, वजन, हातात बसणं या सगळ्याला पैसे पडतात आणि पडायलाच हवेत. साडेसाठचं पातं 35 मिलिमीटर रुंद, साडेनऊचं 41. माझ्या हाताला अरुंद रंधा जास्त बरा वाटतो, एखाद्या मोठ्या पंज्याच्या मुलाला उलट वाटेल. अमेरिकेतली लाय-नील्सन किंवा कॅनडातली व्हेरिटास यांचे ब्लॉक प्लेन दीडशे डॉलरच्या वर जातात. त्यात जाड पातं आणि काटेकोर मशिनिंग मिळतं. रोज हेच काम करणाऱ्याला ते परवडतही असेल.

एकच घ्यायचा असेल तर माझं मत साडेसाठच्या जातीला. कारण सोपं आहे. 12 अंशांच्या बैठकीत एक पातं 25 ला लावून ठेवलं की 37, दुसरं 38 ला लावलं की 50. एक टोकांसाठी, एक वेड्या रेषांसाठी. साडेनऊमध्ये 37 आणायचे तर धार 17 अंशांची करावी लागेल आणि इतकी पातळ धार दोन फटक्यांत तुटते. म्हणजे एकाच रंध्यात दोन रंधे मिळतात. पण बजेट नसेल तर स्वस्तातला घ्या आणि उरलेले पैसे काच आणि वॉटरपेपरवर घाला. धार लावलेला स्वस्त रंधा बोथट महागड्याला कधीही हरवतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आणखी एक गंमत. टोकावर रंधा मारताना मामा तो सरळ कधीच ढकलत नाहीत, थोडा तिरका धरतात. मी विचारलं, का? म्हणाले, "तिरका धरला की हलका जातो." मी घरी येऊन गणित मांडलं. 45 अंशांचं पातं 30 अंश तिरकं धरून ढकललं, तर ढकलण्याच्या दिशेने कापण्याचा कोन होतो सुमारे 41. आणि 45 अंश तिरकं धरलं, तर साधारण 35. म्हणजे साडेसाठच्या 37 पेक्षाही कमी! ज्या आठ अंशांसाठी वेगळी बैठक ओतायची, ते मामा मनगटातून काढत होते. टोकाची पलीकडची कड फुटू नये म्हणून दोन्हीकडून मध्यापर्यंतच रंधा मारायचा, किंवा पलीकडे एक फालतू लाकूड दाबून धरायचं, हेही त्यांनीच शिकवलं. आमच्या जर्नलमध्ये यातलं एक अक्षरही नाही.

आता मुद्द्यावर येते. एफ.ई.ला मला रंधा जमला नाही, कारण माझ्या हातात बोथट रंधा दिला होता आणि तो बोथट आहे हे ओळखायला मला कोणी शिकवलं नव्हतं. मी स्वतःला नालायक ठरवून मोकळी झाले. माझ्यासारखे दर वर्षी कितीतरी जण 'आपल्याला हाताचं काम जमत नाही' असं ठरवून वर्कशॉपमधून बाहेर पडतात आणि पुढे आयुष्यभर तसंच मानतात. वीस जणांच्या बॅचसमोर बोथट हत्यारं मांडायची, दोन तासांत जॉब मागायचा, आणि तो मामांनी करून दिला की 23 मार्क द्यायचे! यात आम्ही काय शिकलो? साइन घेणं.

कोणी म्हणेल, आता सीएनसी आहे, थ्रीडी प्रिंटर आहे, रंधा शिकून कुठे सुतारकी करायची आहे? माझं उत्तर एवढंच की सीएनसीच्या टूललासुद्धा धार असते आणि तीही बोथट होते. ती झाली हे न ओळखता जो फीड आणि स्पीड बदलत बसतो, तो माझ्यासारखंच चुकीचं टेबल भरत असतो. कुठलीही तुलना करण्याआधी हत्यारं तुलनेच्या लायकीची आहेत ना, हे बघायला मी रंध्याकडून शिकले. ब्लॉक प्लेनवर हे दोन दिवसांत आणि फार पैसे न घालवता शिकता येतं.

म्हणून आपल्या वर्कशॉप विभागाला माझी नम्र सूचना आहे. कार्पेंट्रीची पहिली टर्न फक्त धार लावण्यासाठी ठेवा. प्रत्येक बॅचला दहा लहान रंधे द्या, स्वस्तातले चालतील. 25 पैकी 10 मार्क सरांसमोर सागवानाच्या टोकावरून एक अखंड साल काढण्यासाठी ठेवा. ती बाहेरून विकत आणता येत नाही आणि मामांकडून करून घेता येत नाही. आणि मामांना 'जॉब पुरा करून देणारे' एवढंच न ठेवता टाइमटेबलवर त्यांच्या नावाचा एक तास लावा. वेळ नाही म्हणाल, तर एक जॉब कमी करा. निम्मे जॉब तसेही आम्ही करत नाही.

आमच्या पॅटर्नचं काय झालं? दादाच्या रंध्याने चारही बाजूंना उतार दिला, कोनमापक लावून तपासला, पुन्हा भोसरी गाठली. पॅटर्न पहिल्याच खेपेला अलगद वर आला, वाळूचा एक कणही ढळला नाही. काकांनी बोटाने टोक चाचपलं आणि काही न बोलता ओतायला घेतलं. (कास्टिंगमध्ये एक ब्लो होल निघालं, पण तो आमच्या गेटिंगचा दोष. त्यावर पुढच्या अंकात!)

टूलरूमचा साडेनऊ आता गंज काढून, तेल लावून, धार लावून ठेवला आहे. खोकं दाराजवळच्या कपाटात, खालच्या कप्प्यात आहे. ज्याला हवा त्याने रजिस्टरवर सही करून खुशाल न्यावा. परत देताना मात्र धार लावून द्यावा. मामा अंगठा फिरवून बघणार आहेत.